जर्मन कॅबरे नर्तकी आनिटा बेर्बर हिचा मृत्यू अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झाला का?

नाही, तिचा मृत्यू क्षयरोगाने झाला. १९२८ च्या उन्हाळ्यात मध्यपूर्वेच्या दौऱ्यावर असताना ती कोसळली, कशीबशी बर्लिनला परतली आणि १० नोव्हेंबर १९२८ रोजी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, तिथल्या बेथानिएन रुग्णालयात वारली. क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्यानंतर जवळपास १५ वर्षांनी सापडले. मात्र कोकेन, मॉर्फिन आणि विशेषतः मद्य यांच्या दीर्घ व्यसनाने तिचे शरीर आधीच खचले होते, त्यामुळे व्यसनाचा या मृत्यूशी काहीच संबंध नव्हता असेही म्हणता येणार नाही. जर्मन चित्रकार ऑटो डिक्सने १९२५ साली लाल पोशाखात रंगवलेल्या तिच्या प्रसिद्ध चित्रात पंचविशीतली ही स्त्री प्रौढ, थकलेली दिसते. पण ते अभिव्यक्तीसाठी मुद्दाम तीव्र केलेले चित्र आहे, वैद्यकीय पुरावा नव्हे. अतिसेवनाची समजूत रूढ होण्यामागे तिची बदनामीच अधिक असावी, असे मला वाटते, कारण १९२२ मध्ये आपला नृत्यसाथीदार सेबास्टियान ड्रोस्टेसोबत व्हिएन्नात सादर केलेल्या नृत्यांमध्ये तिने ‘कोकेन’ आणि ‘मॉर्फिन’ हेच विषय घेतले होते, आणि लोकांनी त्या गंभीर नृत्यरचनांपेक्षा तिचे नग्न नृत्य व व्यसन हेच लक्षात ठेवले.