शाळेनंतर सायकल चालवलेली नाही. आता नेदरलँड्समध्ये राहायला आल्यावर पुन्हा सुरू करावी का? भीती वाटते.

सुरू कराच. तुम्ही लिहिलंय की उट्रेख्तला येऊन चार महिने झाले, सकाळी बसथांब्यावरून सायकलींचा लोंढा बघता आणि आपल्याला यात शिरता येणार नाही असं वाटतं. मी याच शहरात राहते. माझीही सायकल कॉलेजच्या दिवसांत सुटली ती सुटलीच होती, म्हणून सविस्तर लिहिते.

तोलाची काळजी सोडून द्या. शरीर तो विसरत नाही, पाच-दहा मिनिटांत हँडल डगमगायचं थांबतं. मला नवल वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. एका संध्याकाळी कालव्याच्या कडेने घरी येत होते. पाण्यातली बदकं बघत होते, समोरून येणाऱ्या आजोबांनी कॅरिअरला दोरीने आवळून बांधलेली भलीमोठी कुंडी बघत होते, आणि एकदम जाणवलं की मागून काय येतंय हा विचार बराच वेळ मनात आलेलाच नाही. मोठेपणी सायकल नकोशी होते याचं कारण लोक दम लागणं सांगतात. मला ते पटत नाही. गाड्यांच्या रस्त्यावर अर्धा जीव सतत पाठीमागच्या आवाजाकडे लागलेला असतो, त्याने माणूस थकतो. इथे तो अर्धा जीव मोकळा होतो, आणि मग लहानपणीची ती मजा, उतारावर पाय सोडून देण्याची, उगीचच एक चक्कर जास्त मारण्याची, आपसूक परत येते.

ही निर्धास्ती या देशाला आयती मिळालेली नाही, हे मुद्दाम सांगते. 1971 साली इथल्या रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. मुलांचे बळी थांबवा म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. 1973 मध्ये तेलाचा तुटवडा पडला आणि 4 नोव्हेंबरपासून काही रविवार गाड्या बंद ठेवल्या गेल्या. रिकाम्या हायवेवर लोक सायकली घेऊन फिरले. 1975 मध्ये सायकलस्वारांची संघटना उभी राहिली. पुढची सगळी वर्षं रस्ते उकरून नव्याने बांधण्यात गेली. आपल्या स्टेशनजवळचा जुना खंदक बघितला असेल तुम्ही. सत्तरच्या दशकात त्याचा काही भाग कोरडा करून तिथे मोटाररस्ता केला होता. तो काढून 2020 मध्ये पुन्हा पाणी सोडलं. म्हणून म्हणते, या लाल सायकलपट्ट्यांवर विश्वास टाका. त्यांच्यामागे पन्नास वर्षांचा हट्ट आहे.

आता भीतीकडे येऊ. इथे उजव्या बाजूने चालवतात. डाव्या बाजूने चालवायची सवय असेल तर सरळ रस्त्यावर काही अडत नाही, गोंधळ होतो तो वळताना. डावीकडे वळायचं असेल तर आधी मान वळवून मागे बघा, हात दाखवा, मगच वळा. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग रंगवलेली असते. टोकं तुमच्याकडे असली की आधी आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला जाऊ द्यायचं. त्रिकोण नाहीत, पाटी नाही, सिग्नल नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. 2001 पासून हा हक्क सायकललाही आहे, म्हणजे तुम्ही उजवीकडून येत असाल तर गाडीने थांबायचं. ट्रामचे रूळ मात्र शक्य तितके काटकोनात ओलांडा, तिरके गेलात तर चाक खाचेत अडकतं. फोन हातात धरून चालवायला 2019 पासून मनाई आहे, आणि अंधारात पुढे-मागे दिवा हवाच.

त्या लोंढ्याचं म्हणाल तर तो दिसतो तितका आडदांड नाही. उजवी कड धरा, एका रेषेत चला, अचानक थांबू नका. ज्यांना घाई आहे ते डावीकडून निघून जातात, आणि तुम्ही सावकाश चाललात म्हणून कुणी चिडत नाही. तरी पहिले काही दिवस सकाळची गर्दी टाळा.

सायकल साधी घ्या, जुनी चालेल. ताठ बसायची, उंच हँडलची, जमल्यास गिअरसुद्धा नको. ताठ बसल्यावर नजर आपोआप वर राहते, आणि हे सगळं त्या नजरेसाठीच तर चाललंय. अशा पुष्कळ सायकलींना हाताचा मागचा ब्रेक नसतो, पेडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. त्याची एक गंमत आधीच सांगते, नाहीतर पहिल्याच सिग्नलला अडाल. थांबल्यावर पेडल खाली राहिलं तर मागे फिरवून वर आणता येत नाही. म्हणून थांबायच्या आधीच, शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत, ज्या पायाने निघायचं ते पेडल वर ठेवून ब्रेक दाबा. रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास हे घोटलंत की पायाला कळतं.

मग एखाद्या रविवारी सकाळी क्रोमे रैन नदीच्या कडेने बुनिकच्या दिशेला निघा. शहर संपतं न संपतं तोच आमेलिसवेर्डची झाडी लागते, गाड्यांचा आवाज मागे पडत जातो. वाट शोधायला फोनही लागत नाही. सायकलवाटांच्या नाक्यांवर आकड्यांच्या हिरव्या-पांढऱ्या पाट्या आहेत, निघताना चार आकडे कागदावर लिहून घ्यायचे आणि एकामागून एक गाठायचे. ही पद्धत 1995 मध्ये शेजारच्या बेल्जियममधल्या लिम्बुर्ख प्रांतात सुरू झाली, आणि मला ती नकाशापेक्षाही आवडते, कारण पुढचा आकडा दिसेपर्यंत डोक्याला काही काम नसतं. शहरातच राहायचं असेल तर आम्स्टरडॅम-र्‍हाइन कालव्यावरच्या डाफ्ने स्किपर्स पुलावर जा. 200 मीटरच्या विश्वविजेत्या धावपटूचं नाव दिलेला हा पूल 2017 मध्ये झाला, आणि त्याचा चढ एका शाळेच्या छपरावरून वळसा घेत जातो. खाली वर्ग भरलेले असतात, वरून सायकली जात असतात. मी कामाशिवायही तिथे जाते.

एकाच गोष्टीची तयारी ठेवा, ती म्हणजे वारा. चढ नाहीत म्हणून सपाट सोपं असेल असं नव्हे. समुद्राकडच्या ओस्टरस्खेल्डे धरणावर तर इथली मंडळी वादळी वाऱ्यात, बिनगिअरच्या ताठ सायकलींवर, वाऱ्याच्या तोंडावर साडेआठ किलोमीटरची राष्ट्रीय स्पर्धा घेतात. तुम्ही निघण्याआधी वाऱ्याची दिशा बघा आणि जाताना तो समोरून घ्या, दमल्यावर परत येताना पाठीशी असू दे.