लात्व्हियाच्या राजधानीत, रीगाला शिकायला जातेय. भाज्या-किराण्याचे इंग्रजी आणि लात्व्हियन शब्द एकत्र कसे शिकू?

यादी घोकू नका, बाजारात फिरा. रीगाचा सेंट्रल मार्केट जुन्या झेपेलिनच्या, म्हणजे फुग्यासारख्या हवाई जहाजांच्या, हँगरमध्ये भरतो, १९३० पासून. पाट्या लात्व्हियनमध्ये असतात: कार्तुपेली म्हणजे बटाटे, सीपोली कांदे, बुर्कानी गाजरं, गुर्की काकड्या. शेवटची 'ई' अनेकवचनाची. एकच कांदा असेल तर 'सीपोल्स'.

आधी आपलं इंग्रजी तपासा. 'ब्रिंजल' आणि 'लेडीज फिंगर' तिकडे फारसं कुणाला कळत नाही. वांगं म्हणजे ऑबर्जिन किंवा एगप्लँट, लात्व्हियनमध्ये बाक्लाझान्स. इंग्रजी 'पेपर'चा घोळ मात्र लात्व्हियनमध्ये सुटतो: पिपारी म्हणजे मिरी, पाप्रिका म्हणजे ढोबळी मिरची.

सगळ्यात फसवा शब्द 'माइझे'. रोमन लिपीत तो हुबेहूब इंग्रजी 'मेझ'सारखा दिसतो, पण अर्थ पाव! मक्याला कुकुरूझा म्हणतात. शाकाहारी असाल तर 'गाल्या' (मांस) आधी पाठ करा. 'त्सूक्गाल्या' म्हणजे डुकराचं. 'स्पेक्यिस' दिसलं तरी सावध, ते खारवलेलं डुकराचं मांस, नाताळात वाटाण्यांबरोबर हमखास असतं.

उच्चाराला मराठी माणसाला फार कष्ट नाहीत. त्यांचा साधा 'सी' म्हणजे आपला 'चूल'मधला च, आणि डोक्यावर टोपी असलेला 'सी' म्हणजे 'चिमणी'मधला. हिंदी भाषक मित्र इथे अडखळतात, आपण नाही. जोर बहुतेक वेळा पहिल्या अक्षरावर द्या.

आणि हो, दुकानात दही शोधताना 'बिएझपिएन्स' उचलाल, तर तो आपल्या चक्क्याच्या जवळचा निघेल. साखर घातलीत तर श्रीखंडाची हौस भागते.