बायबलमध्ये देवाचे आभार मानायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या करारात देवाचे आभार मानायची काही ठरलेली रीत होती का, ती आपल्या नवसासारखी होती का, आणि ख्रिस्ती लोकांनी त्यातलं काय पुढे ठेवलं?

रीत होती, आणि तिच्यात स्वयंपाक बराच होता. एक जनावर आणि 40 पोळ्या-भाकरी, सगळं त्याच रात्री संपवायचं.

आधी शब्द बघू. हिब्रूत या अर्पणाला 'तोदा' म्हणतात. आजच्या इस्राएलमध्ये दुकानदाराला 'तोदा' म्हटलं की 'थँक्यू' होतं, पण जुन्या हिब्रूत त्याचा अर्थ जास्त रुंद आहे. त्यामागचं क्रियापद 'होदा', म्हणजे उघडपणे कबूल करणं. यहोशवाच्या पुस्तकात (7:19) चोरी करून सापडलेल्या आखानाला 'देवाला तोदा दे' असं सांगितलंय. तिथे अर्थ 'आभार मान' असा नाही, 'कबूल कर' असा आहे. मराठीतही आपण आभार 'मानतो', म्हणजे मान्यच करतो. योगायोग असेल, पण समजायला सोयीचा आहे. यहूदा हे नावही याच धातूशी जोडलेलं आहे. चौथा मुलगा झाल्यावर याकोबाची बायको लेआ 'आता मी परमेश्वराचं स्तवन करीन' म्हणते आणि त्याचं नाव यहूदा ठेवते (उत्पत्ती 29:35).

आता विधी. तो लेवीय या नियमांच्या पुस्तकात, 7:11-18 मध्ये आहे. शांत्यर्पणाचे (वाटून खायच्या अर्पणाचे) तिथे तीन प्रकार दिलेत: उपकारस्तुतीचं (हीच तोदा), नवसाचं आणि स्वखुशीचं. म्हणजे तुमच्या नवसाच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं: नवस हा वेगळा प्रकार. फरक मटण खायच्या मुदतीत आहे. नवसाचं आणि स्वखुशीचं मांस दुसऱ्या दिवशीही चालायचं, तिसऱ्या दिवशी उरलेलं जाळायचं. तोदाचं मात्र त्याच दिवशी, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. पुढे रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, ही मुदत मध्यरात्रीवर आणली, पहाटेची सीमा चुकून कुणी ओलांडू नये म्हणून. (व्यवहारात दोन्ही एकमेकांत मिसळायचं. संकटात नवस बोलायचा आणि सुटल्यावर तोदा करायची, हे स्तोत्र 116 मध्ये शेवटी शेवटी स्पष्ट दिसतं.)

जनावर गाईबैलांपैकी, मेंढरांपैकी किंवा शेळ्यांपैकी, नर किंवा मादी कुठलंही, पण निर्दोष. पक्षी चालत नसे. आणणाऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, मग ते कापायचं. रक्त याजक (मंदिरातला पुरोहित) वेदीवर टाकी. आतड्यांवरची चरबी, दोन्ही गुरदे, काळजाचा पडदा आणि मेंढरू असेल तर चरबीची जाड शेपटी वेदीवर जाळली जाई. ऊर आणि उजवी मांडी याजकांची. बाकी सगळं घरच्यांचं आणि पाहुण्यांचं. आभार मानणारा स्वतः जेवतो, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. होमार्पणात सगळं जळून जायचं, इथे देव, याजक आणि माणसं असे तीन वाटेकरी.

तोदाची खरी ओळख मात्र भाकरीत आहे. लेवीयात चार प्रकार सांगितलेत: तेलात मळलेल्या बेखमीर (न आंबवलेल्या) पोळ्या, तेल लावलेल्या पातळ बेखमीर चपात्या, तेलात मुरवलेल्या सपिठाच्या पोळ्या आणि चौथी चक्क खमीर घातलेली, म्हणजे आंबवलेली भाकर. किती करायच्या ते लेवीयात नाही. ते मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात (साधारण इ.स. 200) मनाहोत या प्रकरणात येतं: प्रत्येकी 10, एकूण 40. पीठ 20 इस्सारोन. एक इस्सारोन म्हणजे एफाचा दहावा भाग. एफा साधारण 22 लिटरचा धरला तर एकूण 44 लिटर पीठ, वजनात 25 किलोच्या आसपास. त्यातलं अर्धं पीठ फक्त 10 खमिरी भाकरींना, म्हणजे एका भाकरीला सव्वा किलो. उरलेल्या अर्ध्यात 30 बेखमीर, एका इस्सारोनला तीन. प्रत्येक प्रकारातली एक अशा चार याजकाला. राहिल्या 36, शिवाय अख्ख्या जनावराचं मटण.

हे एका घराला एका रात्रीत संपणार कसं? नाहीच संपत. काही यहुदी भाष्यकारांनी नेमकं हेच बोट ठेवून दाखवलंय: अन्न मुद्दाम जास्त, वेळ मुद्दाम कमी, म्हणजे माणसं बोलवावीच लागतात. आणि माणसं जमली की 'कशाबद्दल हे जेवण?' असं विचारणारच. मग सांगायचं. मला तोदाचा गाभा हाच वाटतो. संकटातून सुटलेल्याने एकट्याने हात जोडून घरी जायची त्यात सोय नाही.

बिघडायचं कुठे, तेही मिश्नाने बारकाईने लिहून ठेवलंय. चारपैकी एक प्रकार कमी पडला तर बाकीचे तीनही बाद. भाकरी पवित्र होते ती जनावर कापल्याच्या क्षणी, त्यामुळे त्या वेळी ती भट्टीत असेल आणि वर पापुद्रा धरला नसेल तर ती पवित्र झालीच नाही. सगळ्या भाजून झाल्या आणि एकच कच्ची राहिली, तरी तेच. कापताना 'उद्या खाऊ' असा विचार केला तरी अर्पण रद्द. उरलेलं जाळायचं, खायचं नाही.

खमीर घातलेलं काहीही वेदीवर जाळायचं नाही, असा लेवीय 2:11 चा नियम. त्यामुळे खमिरी भाकर फक्त खाण्यासाठी. आमोस हा संदेष्टा (4:5) बेथेल आणि गिलगाल या तीर्थांच्या यात्रेकरूंना टोमणा मारतो की खमिरी भाकरीचीच उपकारस्तुती जाळा आणि स्वखुशीच्या अर्पणांची दवंडी पिटा, तुम्हाला तेच आवडतं ना! दानाचा गाजावाजा तेव्हाही होताच.

या जेवणाबरोबर काय म्हणायचं, त्याचा साचा स्तोत्रांत दिसतो. स्तोत्र 30 किंवा 116 वाचा: मी कुठे अडकलो, कशी हाक मारली, कसा सुटलो, आणि आता मंडळीपुढे हे सांगतोय. स्तोत्र 107 मध्ये चार प्रसंग आहेत: रानात वाट चुकलेले, कैदेत पडलेले, आजारी आणि समुद्रावर वादळात सापडलेले. इ.स. 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यावर तोदा बंद झाली, पण तालमूदने (मिश्नावरच्या मोठ्या भाष्यग्रंथाने) याच चौघांवर आभाराची प्रार्थना बंधनकारक केली. ती आजही सभास्थानात म्हणतात, आणि दहा जण हजर लागतात. जेवण गेलं, साक्षीदार राहिले.

ख्रिस्ती परंपरेकडे वळताना एक घाई टाळा. प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकर आणि प्याल्याच्या विधीला) ग्रीकमध्ये 'युखारिस्तिया' म्हणतात, म्हणजे आभारप्रदर्शन. लूक 22:19 आणि 1 करिंथ 11:24 मध्ये येशू भाकर घेऊन आधी आभार मानतो, मग मोडतो. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर लिहितो की या अन्नालाच आमच्यात युखारिस्तिया म्हणतात. यावरून 'येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन म्हणजे तोदाच' असं सर्रास लिहिलं जातं. हार्टमुट गेझे या जर्मन अभ्यासकाने तोदा आणि प्रभुभोजनाचं नातं जोरकसपणे मांडलं, आणि त्यात तथ्य आहे: भाकर, प्याला, सुटकेची गोष्ट, जमलेली माणसं. वधस्तंभावर येशू स्तोत्र 22 ची पहिली ओळ म्हणतो, आणि ते स्तोत्र शेवटाकडे मंडळीत नवस फेडण्यावर आणि दीनांनी पोटभर जेवण्यावर येतं. पण ते भोजन वल्हांडण या यहुदी सणाचं मानलं जातं, त्या सणात खमीर निषिद्ध, आणि खमिरी भाकरीशिवाय तोदा होत नाही. तेव्हा विधी म्हणून ते भोजन तोदा असणं अवघड. वळण तोदाचं आहे, एवढंच म्हणावं. इब्री लोकांस पत्र (13:15) तर अर्पण ओठांवरच आणतं: स्तुतीचा यज्ञ, म्हणजे ओठांचं फळ. पण लगेच पुढच्या वचनात दानधर्म विसरू नका असं सांगतं, म्हणजे वाटणं सुटलेलं नाही.

'सर्व स्थितीत आभार माना' (1 थेस्सल 5:18) हे वचन आजारी माणसाच्या उशाशी बसून ऐकवणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथे मूळ ग्रीकमध्ये 'सर्वात' आहे, 'सर्वाबद्दल' नाही. 'सर्वाबद्दल' इफिस 5:20 मध्ये आहे, ते वेगळं वाक्य. आणि स्तोत्रं तर आधी रडतात, भांडतात, मग आभार मानतात.

आपल्याकडे याच्या जवळचं काही बघायचं असेल तर कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा मलिदा बघा. ही मराठी बोलणारी यहुदी मंडळी, जुनं नाव शनवार तेली. लग्न ठरलं, आजारातून कुणी उठलं, नवस फेडायचा असला की एलियाहू हनाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत असं ते मानतात, तिथेही नवस फेडायला जातात. बळी नाही, वेदी नाही. भिजवलेले पोहे, खोवलेलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, बदाम-पिस्ते एकत्र कालवून ताटात, भोवती फळं. हिब्रू प्रार्थना झाली की प्रत्येक हजर माणसाच्या हातावर थोडं थोडं.