ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, दोनदा अलाइनमेंट करूनही फरक नाही. काय असेल?

तुम्ही लिहिलंय की एरवी गाडी सरळ चालते, ब्रेक दाबला की मात्र डावीकडे ओढते आणि अलाइनमेंटचे पैसे दोनदा वाया गेले. जाणारच होते. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, ते उभ्या गाडीवर होतं, आणि ब्रेक न मारता तुमची गाडी सरळच आहे.

पुढच्या दोन्ही टायरांची हवा सारखी आहे ना, तेवढं आधी बघून घ्या. फुकटचं काम.

गाडी डावीकडे ओढते म्हणून सगळे डावं चाक खोलतात. मीही खोललं होतं. चिपळूणला माझं छोटं गॅरेज आहे. सुरुवातीला एकांची गाडी आली, कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक लावला की स्टिअरिंग डावीकडे खेचायचं. मी डावा कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) साफ केला, त्याच बाजूचे पॅड बदलले. चार दिवसांनी गिऱ्हाईक परत दारात, गाडी आधीपेक्षा जास्त ओढतेय म्हणून. डावा ब्रेक बिचारा नीट काम करत होता. कामचुकार होता उजवा! गाडी जास्त धरणाऱ्या चाकाकडे वळते, म्हणून आधी संशय विरुद्ध बाजूवर घ्यायचा.

उजवं चाक काढलं तर आतला पॅड झिजून पत्र्याला टेकत आलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. म्हणजे कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून बसलेल्या. अख्खा पावसाळा गाडी शेडमध्ये उभी होती म्हणे. आमच्या कोकणात एवढं पुरतं. पिना पॉलिश पेपरने घासल्या, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात), पॅड दोन्ही बाजूंचे नवे टाकले.

तुम्हाला घरी करता येईल असं एक काम सांगतो. रिकाम्या रस्त्यावर आठ-दहा वेळा नेहमीसारखा ब्रेक लावा, थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमांजवळ हात न्या. डिस्कला बोट लावू नका, चटका बसेल. उजवं थंड असेल तर उजवा ब्रेक धरत नाहीये. उलट, फारसा ब्रेक न लावता पाच-सहा किलोमीटर जाऊनही डावं तापलं असेल, तर डावा सुटत नाहीये.

सुटत नसेल तर जॅक लावून ब्रेक दाबून सोडा आणि ते चाक फिरवून बघा. जाम असेल तर मिस्त्रीला कॅलिपरचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) जरा ढिला करायला सांगा. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर होज पाइपवर, म्हणजे कॅलिपरला ऑइल पोचवणाऱ्या रबरी नळीवर, संशय घ्या. तो बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतून सुजतो. पायाच्या जोराने ऑइल जातं, परत यायला वाट मिळत नाही. निपल सोडूनही जाम राहिलं, तर पॅड ढकलणारा पिस्टन किंवा पिना. नंतर ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायला विसरू नका.

दोन्ही चाकं सारखीच तापली तर चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे) बघा. आर्मचा मागचा बुश फाटला की ब्रेक लावताच चाक मागे सरकतं आणि त्याची दिशाच बदलते. ब्रेक लावताना खालून 'ठक्' आवाज येत असेल तर बहुतेक हेच. पॅडवर ग्रीस उडालंय का तेही बघा, एक्सलचं रबरी बूट फाटलं की उडतं. तसा पॅड धुऊन वापरू नका, दोन्ही बाजूंचे बदला.

आणि पेडल खोल जात असेल किंवा टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होत असेल, तर वरचं काहीच करत बसू नका. कुठेतरी गळती असू शकते, गाडी टो करून न्या.