वाचकांचे प्रश्न : ‘ह्यूस्टनमध्ये शहर दिसतच नाही’

प्रश्न : पोरगी ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेत ह्यूस्टनला गेली. गेल्यापासून एकच म्हणते, ‘बाबा, इथं शहर दिसतच नाही. नुसते रुंद रस्ते अन् पार्किंग. पायी चालणारं माणूस नाही. दूध आणायचं तरी पाऊण तास.’ तिनं खोली चुकीच्या जागी घेतली का?
– एक पालक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, मुलगी सांगते त्यात काही खोटं नाही. ह्यूस्टन साधारण 1,650 चौरस किलोमीटरवर पसरलंय. मुंबई उपनगरांसकट 600 च्या आसपास भरते. आपल्याकडे गाव म्हटलं की बसस्टँड, त्याला लागून बाजार, मग वस्ती. तिथे असा एक मध्य नाही. डाउनटाउन, मेडिकल सेंटर, गॅलेरिया ही कामाची ठिकाणं एकमेकांपासून दूर आहेत. कुठे घरं, कुठे दुकानं हे ठरवणारा झोनिंगचा कायदा त्या शहरात नाही, आणि बहुतेक भागांत दुकानाला पार्किंग मात्र नियमानं ठेवावं लागतं. म्हणून रस्त्यावरून आधी दिसतं ते पार्किंग, दुकान त्याच्या मागे.

खोली बरोबर की चूक, हे पहिल्या वर्षी भाड्यापेक्षा बसवरून ठरवा. तिथल्या शहर बससेवेचं नाव ‘मेट्रो’, तिच्या बसमार्गांना रंग दिलेले आहेत. लाल मार्गावर 15 मिनिटांत किंवा त्याआधी बस येते, निळ्यावर 16 ते 30 मिनिटांनी, हिरव्यावर 31 ते 60. मुलीला विचारा, घराजवळचा मार्ग कोणत्या रंगाचा? लाल असेल तर खोली सोडायची गरज नाही. हिरवा असेल तर एक बस चुकली की तासिका गेली. रविवारचं वेळापत्रक वेगळं बघायला सांगा. किराणा त्याच दिवशी आणायचा असतो. थांबा म्हणजे बहुतेक ठिकाणी एक खांब आणि त्यावर पाटी, डोक्यावर छप्पर असेलच असं नाही. घरापासून तिथपर्यंत फूटपाथ सलग आहे का, हे तिनं दिवसा एकदा चालून पाहावं. नकाशावर दहा मिनिटांचं दिसणारं अंतर मधल्या फ्रीवेमुळे, म्हणजे पायी ओलांडता न येणाऱ्या महामार्गामुळे, अर्ध्या तासाचं होतं.

साधं तिकीट सव्वा डॉलरचं आहे. रोख भरलं तर सुटे परत मिळत नाहीत आणि बस बदलली की पुन्हा पैसे. मेट्रोचं कार्ड यंत्राला टेकवलं तर तीन तासांत कितीही बस बदला, दुसरं भाडं लागत नाही. विद्यार्थ्यांसाठी सवलतीचं कार्ड वेगळं निघतं, ते तिनं लगेच काढावं. बसच्या तोंडाला सायकल अडकवायचं लोखंडी स्टँड असतं. जुनी सायकल घेतली तर तो पाऊण तास बराच कमी होईल.

आणखी एक, आणि हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ह्यूस्टन सपाट आहे, मधून ‘बायू’ नावाचे संथ नाले वाहतात. 2017 च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळात घरंच्या घरं पाण्यात गेली. वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. पुढची खोली घेताना पत्ता पूरक्षेत्राच्या नकाशावर तपासावा आणि शक्यतो वरचा मजला घ्यावा. भाडेकरूच्या साध्या विम्यात पुराचं नुकसान सहसा धरत नाहीत. आत्ताची खोली बदलायचीच असेल, तर करारातलं मुदतीआधी सोडण्याचं कलम वाचल्याशिवाय तिनं सामान हलवू नये. करार बहुधा 12 महिन्यांचा असतो, आणि मधेच सोडला तर उरलेलं भाडं अंगावर येऊ शकतं.

प्रश्न : मुलगा जानेवारीत ह्यूस्टनला जातो आहे. घरचा गोडलिंब वाळवून, थोडा तांदूळ, फुटाणे, तिखट अन् मिक्सर बांधून द्यावा म्हणते त्याची आई.
– संत्रा उत्पादक, वरुड

उत्तर : गोडलिंब बिलकूल नको, वाळलेलासुद्धा. तुमच्या बागेला छळणारी सायला कीड या झाडावरही वाढते, आणि तिच्यामार्फत संत्र्याच्या झाडांत ग्रीनिंग रोग पसरतो. तिथल्या लिंबूवर्गीय बागांसाठी तो आणायला बंदी आहे. तांदूळ, हरभरा, सोयाबीन, करडई हेही आपल्या देशातून सामानात नेता येत नाही; कारण साठवणीतली खापरा कीड. फुटाण्यांचीही जोखीम घेऊ नका. भिवापुरी तिखट, हळद, काळा मसाला हे कोरडं आणि पॅकबंद द्या, आणि विमानतळावर ‘खाण्याचं सामान आहे’ असं मुलानं आपणहून सांगावं. दंड लपवल्याबद्दल होतो. डाळ-तांदूळ तिथल्या हिलक्रॉफ्ट भागात भारतीय दुकानांत मिळतात.

मिक्सर घरीच राहू द्या. तिथे वीज 120 व्होल्ट, 60 सायकलची. आपली 230 व्होल्ट, 50 सायकलची. मोटर मरगळते, पातं नीट फिरत नाही. मोबाईलच्या चार्जरवर ‘100–240’ लिहिलेलं असेल तर नुसती पिन बदलून चालतो. कुकर द्या, पण सपाट बुडाचा. पुष्कळ घरांत गॅसऐवजी विजेची शेगडी असते, आणि बूड फुगलेलं असलं की मधोमधच तापतं, शिटीला उशीर होतो. फोडणी टाकण्याआधी शेगडीवरचा पंखा सुरू करावा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो.

प्रश्न : पोरानं ह्यूस्टनला लाईटचा ‘सर्वांत स्वस्त’ प्लॅन घेतला, तरी बिल जास्त. कूलर घेऊन एसी बंद ठेवता येईल का?
– एक वाचक, पुसद

उत्तर : कूलर नाही. आपल्या मे महिन्यातली हवा कोरडी असते म्हणून खसावरचं पाणी उडतं आणि गारवा येतो. ह्यूस्टनची हवा दमट, समुद्राकडची. आषाढात आपल्याकडे कूलर लावला की अंग चिकट होतं, तसंच.

बिलाचा घोळ वेगळा आहे. ह्यूस्टन टेक्सास राज्यात येतं, आणि तिथल्या बहुतेक भागांत वीज कंपनी आपण निवडायची असते. प्रत्येक प्लॅनच्या माहितीपत्रकावर 500, 1000 आणि 2000 युनिटचा सरासरी दर छापलेला असतो, पण जाहिरातीत 1000 चाच पुढे करतात. उदाहरण घ्या : युनिटला 20 सेंट, आणि 1000 युनिट झाले की 100 डॉलर सूट. 1000 युनिटला बिल 200 वजा 100, म्हणजे 100 डॉलर. 900 युनिट जाळले तर सूट गेली, बिल 180. कमी वापरूनही 80 डॉलर जास्त! लहान खोलीत एकट्यानं राहणाऱ्यानं 500 युनिटचा रकाना बघून, सूट-बिट नसलेला एकाच दराचा प्लॅन घ्यावा. चालू प्लॅन सोडण्याआधी मुदतपूर्व दंड किती, तेवढं त्याच पत्रकात वाचावं.

प्रश्न : ह्यूस्टनला फोन कधी करावा?
– आजी, दारव्हा

उत्तर : आजी, रात्री 8 वाजता करा. मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे सकाळचे साडेनऊ असतात, हिवाळ्यात साडेआठ.