चार डबे पिशवीत घालून ने

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले चारही डब्यांचे फोटो पाहिले. मॅग्नेशियम, झिंक, सेलेनियम आणि तो चौथा, लिथियम ओरोटेट. ही नैसर्गिक खनिजं आहेत, मग बायपोलरची गोळी सोडली तर चालेल ना, असं विचारलंस. नाही चालणार. आणि तो चौथा डबा आज उघडूसुद्धा नकोस.

तुझी रोजची गोळी म्हणजे लिथियम कार्बोनेट. तेही खनिजच. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी 1949 साली त्याचा उन्मादावरचा उपयोग मांडला. ते गुण देतं, पण गुण आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं. रक्तातली पातळी लिटरला साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल ठेवतात, 1.5 च्या वर धोका सुरू होतो. म्हणून तर तपासणीचं रक्त आदल्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं आणि सकाळची गोळी त्यानंतर घ्यायची. ओरोटेट हेही लिथियमच, ते वरून घेतलंस तर डॉक्टरांचा सगळा हिशेब चुकेल. आणि गोळी एकदम सोडलीस तर आजार उलटतो, कधीकधी पहिल्यापेक्षा जोरात.

एक गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही. पंचवटीत माझं औषधांचं दुकान नवीन होतं तेव्हा लिथियमवरचा एक मुलगा गुडघा धरून आला. मी काही न विचारता डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी दिली. चार-पाच दिवसांत त्याचे हात थरथरायला लागले, तोल जायला लागला, बोलणं जड झालं. वाचला तो. पण ती गोळी माझ्या हातून गेली होती. ब्रुफेनसुद्धा लिथियमची पातळी वाढवते. अंग दुखलं तर आधी मला किंवा डॉक्टरांना फोन कर.

आता मॅग्नेशियम. पूरक गोळ्यांतून दिवसाला 350 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, कारण जुलाब लागतात. तुझ्या बाबतीत जुलाब साधी गोष्ट नाही. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात. झिंक महिनोन्‌महिने 40 मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर तांबं कमी पडतं. सेलेनियम तर कमतरता दिसल्याशिवाय घेऊच नये असं माझं मत.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण श्रावण. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जायचं म्हणतोस. घामाघूम होऊन चालणं आणि वर कडक उपास, हे यंदा नको. जायचंच तर डॉक्टरांना विचारून, खाऊन-पिऊन जा. उपासाला सैंधव चालतं, तेही मीठच. अळणी राहू नकोस, आणि भीतीपोटी एकदम जास्तही घेऊ नकोस, त्यानं पातळी घसरते.

उलट्या, जुलाब, थरथर, तोल जाणं, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता तडक दवाखान्यात जा आणि लिथियमवर आहे हे पहिल्यांदा सांग. रात्री मन फार खचलं तर 14416 वर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची मदतवाहिनी आहे. मराठीत बोलता येतं. मलाही उठव, संकोच करू नकोस.

सोमवारी डॉक्टरांकडे जाताना चारही डबे पिशवीत घाल. मी चार वाजता दुकान बंद करून तुला न्यायला येतो.

तुझा,
काका