एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सला शब्दागणिक पैसे मिळायचे म्हणून त्याच्या कादंबऱ्या एवढ्या जाड आहेत का? वाचायला सुरुवात कुठून करावी?

पहिल्याचं उत्तर: नाही, साफ खोटं आहे. हे वाक्य मी एम.ए.च्या वर्गात शिकवणाऱ्यांच्याच तोंडून ऐकलंय. ‘शब्दाला पैसे, म्हणून पाल्हाळ. महत्त्वाचे उतारे गाईडमध्ये आहेत.’ सगळ्या वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं, मीसुद्धा.

त्या मे महिन्यात मी वाचनालयातून डिकन्सचं ‘ब्लीक हाउस’ आणलं. पाठीची शिवण उसवलेली, पानं सुटी झालेली. गच्चीवर कुरडयांची राखण करत, मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचलं. संपायला जूनचा पाऊस लागला. त्यात ‘जो’ नावाचा रस्ता झाडणारा पोरका पोरगा आहे. पोलीस त्याला कुठेच टेकू देत नाहीत, सारखं ‘चल, पुढे हो’. मरताना डॉक्टर त्याच्याकडून प्रार्थना म्हणवून घेतो, एकेक तुकडा, आणि पोरगं एका ओळीच्या मध्यातच जातं. मी पुस्तक मिटून खाली गेले, आईने विचारलं काय झालं, मला सांगता येईना. आधीच्या शेकडो पानांत त्याला हाकललेलं वाचलं नसतं तर मला काहीही वाटलं नसतं.

आता हिशेब. ही कादंबरी मार्च 1852 ते सप्टेंबर 1853 अशी दरमहा भागाभागाने निघाली. एका भागात मजकुराची 32 पानं, किंमत एक शिलिंग, शेवटचा जोडभाग. पानं ठरलेली, त्यामुळे शब्द वाढवून हाती काहीच जास्त पडायचं नाही. उलट मजकूर वाढला तर प्रुफातच ओळी कापायच्या. प्रत्येक भागासाठी तो एक कागद करायचा: डावीकडे स्वतःलाच प्रश्न, अमुक पात्र आत्ता आणायचं का, आणि तिथेच उत्तर, हो किंवा नाही. उजवीकडे प्रकरणं. असं काम करणाऱ्याला पाल्हाळिक म्हणायचं?

हे मी तोंडी परीक्षेत सांगितलं. ‘विचारलंय तेवढंच बोला,’ एवढंच ऐकायला मिळालं, आणि त्या विषयात मला सगळ्यात कमी गुण पडले. आज इतकी वर्षं मी स्वतः शिकवतेय, तरी ते बोचतं.

इतरांच्या कादंबऱ्या लांबल्या त्या वाचनालयांमुळे. तीनखंडी कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग, सामान्य घराला न परवडणारी. मूडीच्या, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या वर्गणीच्या वाचनालयात वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) भरली की एका वेळी एक खंड मिळे. म्हणजे एक कादंबरी एकाच वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरायची, मग वाचनालयांना तीन खंड हवेच असणार. 1894 मध्ये मोठ्या वाचनालयांनी जास्त पैसे मोजायला नकार दिला आणि तीनखंडी कादंबरीचा प्रकार बघता बघता संपला.

एक मात्र मान्य करते: मजकूर 32 पानांना कमी पडला तर डिकन्सलाही भर घालावी लागायची, आणि काही ठिकाणी ती कळते. ओळीवर पैसे घेणारे लोक वर्तमानपत्रांत होतेच, गोंधळ बहुधा तिथून झाला असेल.

सुरुवात ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’पासून करा. ती 1860-61 मध्ये साप्ताहिकात आली, त्यामुळे प्रकरणं आटोपशीर आहेत. रोज दोन वाचा. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. आणि वर्गात कुणी ‘शब्दाला पैसे’ म्हणालं, तर हात वर करून 32 पानांचं सांगा, गुण गेले तरी.